पुनवेची सुकती आणि माझा पहिला खर्डा

पहिलीच कादंबरी, तीही पोलीस तपासाची, असा घाट घातलेल्यांसाठी हे लिहितोय. आधी माझी फजिती सांगतो.

गोष्ट अशी: सिंधुदुर्गातल्या कर्लीच्या खाडीकाठचं गाव, शिमग्याची पुनव. चाकरमानी आलेत, सोंगं फिरतायत आणि त्या गडबडीत ८ वर्षांचा मुलगा नाहीसा होतो. संध्याकाळी सहाला भरतीचं पाणी पायवाटेवर चढतं, काठाला एक चप्पल मिळते. पोर बुडालं, असं सगळे धरून चालतात. हे प्रकरण मी सात वेळा लिहिलं होतं. वाऱ्याचं वर्णन तर फारच जमलं होतं.

खाडीवर जन्मभर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवलेल्या एका आबांना ते वाचून दाखवलं. जाळं शिवता शिवता त्यांनी ऐकलं आणि मान वर न करता म्हणाले, "मास्तर, पुनवेक सांजच्या सहाक सुकती आसता. तुमचो झिलगो बुडतलो खंय?" सुकती म्हणजे ओहोटी, झिलगो म्हणजे पोर.

हिशेब इकडे पोरंही तोंडी करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते. पौर्णिमेचे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. त्यावर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. खाडीत आत जावं तशी भरती थोडी उशिरा पोचते, पण तेवढ्याने माझं पोर बुडणार नव्हतं. सहाच्या सुमारास तिथे नुसता चिखल! मी घाईघाईने अष्टमी धरली, आठाची पाऊणपट बरोबर सहा. पण अष्टमीला भांग, म्हणजे कमजोर भरती; पाणी चढतं ते नावापुरतं, पायवाटेपर्यंत पोचतही नाही. शिवाय शिमगा अष्टमीला कुठून आणू?

दोन दिवस वही उघडली नाही. मग लक्षात आलं, चूक ठेवायची, फक्त ती माझ्याऐवजी इन्स्पेक्टरने करायची. घाटावरून नुकता बदलून आलेला माणूस चप्पल बघतो आणि होड्या काढायला लावतो. गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की त्या वेळी तिथे घोटाभरही पाणी नव्हतं. तरी कोणी तोंड उघडत नाही. का उघडत नाही, हीच आता कादंबरी झाली आहे. समुद्रावर लिहायचं तर आधी पंचांग घ्या, शब्दकोश नंतर.

पोलिसांच्या बाबतीतही मी सिनेमावरच विसंबलो होतो. माझा हवालदार आईला म्हणायचा, "२४ तास थांबा, येईल परत." एका निवृत्त हवालदारांनी ते वाक्य खोडलंच. १८ वर्षांखालचं मूल हरवलं की नुसती मिसिंगची नोंद करून भागत नाही, अपहरणाचा एफआयआर होतो. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी ते बजावून सांगितलं आहे. कथा १ जुलै २०२४ नंतरची असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १३७ लिहा, आधीची असेल तर जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) ३६३. चार महिन्यांत मूल मिळालं नाही तर तपास मानवी तस्करी विरोधी कक्षाकडे जातो. माझा दुसरा भाग तिथूनच सुरू होतो.

आणि लांब कोटवाला गुप्तहेर आपल्याकडे नसतो हो. असते ती स्थानिक गुन्हे शाखा, ओरोसहून, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणाहून, जीपने येणारी. तिच्याआधी गावातला पोलीस पाटील. त्याला मी पहिल्या खर्ड्यात विसरलोच होतो, आणि कोणाचा बांधावरून वाद आहे, कोणाच्या मांगरात (शेतातल्या खोपटात) रात्री दिवा दिसतो, हे नेमकं त्यालाच माहीत असतं.

पोलिसांना भेटाल तेव्हा "तपास कसा करता?" असं विचारू नका, भाषण मिळतं. तक्रार लिहून घेताना पहिलं काय विचारता, ते विचारा. मला उत्तर मिळालं, "अंगावरचे कपडे. आणि आईला ते हमखास चुकीचे आठवतात."

त्या एका वाक्यावर माझा तिसरा खर्डा उभा राहिला. आई सांगते पिवळा शर्ट. बिनतारी संदेश पिवळ्या शर्टाचा जातो, नाक्यानाक्यावर पिवळा शर्ट शोधतात. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला आलेला शिपाई मागीलदारी पाणी प्यायला जातो, तर पिवळा शर्ट दांडीवर वाळत असतो. पोराने त्या दिवशी सोंग घेतलेलं, तोंडाला रंग. गावभर फिरलं, पण ओळखलं कोणीच नाही. हे प्रकरण एका बैठकीत झालं. वाऱ्याचं वर्णन काढून टाकलं.