महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून लहान संशोधन अनुदानाचा अर्ज

लहान अनुदानाला लहानच प्रश्न हवा. ‘सांगली जिल्ह्यातील महाविद्यालयीन ग्रंथालये: एक चिकित्सक अभ्यास’ हे शीर्षक पीएच.डी.लाही मोठं पडेल. पन्नास हजारांत आणि वर्षभरात ते होणार नाही, हे परीक्षकाला पहिल्याच ओळीत कळतं. त्यापेक्षा काउंटरवर बसून रोज जे खटकतं तेच घ्या. विद्यार्थ्यांना एन-लिस्टचे (महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकं पुरवणारी ऑनलाइन सेवा) यूजर आयडी दिलेत, तरी लॉगिन होत नाही. का होत नाही? जत, आटपाडी आणि कवठेमहांकाळ या तीन तालुक्यांतल्या महाविद्यालयांपुरतं तपासायचं म्हटलं, की प्रश्न आवाक्यात येतो.

प्रश्न खरा आहे याचा पुरावा बहुतेक वेळा ग्रंथालयातच पडून असतो. एन-लिस्टच्या अ‍ॅडमिन लॉगिनमधला वापराचा अहवाल, कोहा किंवा सोल या ग्रंथालय-सॉफ्टवेअरमधली पुस्तकांची देवघेव, वाचनकक्षाचं हजेरी रजिस्टर. मागच्या तीन वर्षांचे आकडे काढा आणि प्रस्तावाच्या पहिल्या पानावर दोन-तीन ओळींत मांडा. माहितीयुगात ग्रंथालयाचं महत्त्व सांगणारा पानभर मजकूर कुणी वाचत नाही, तो गाळून टाका. उद्दिष्टंही तपासता येतील अशी लिहा: मोजणे, तुलना करणे, कारणं शोधणे. ‘जागृती निर्माण करणे’ हा उपक्रम झाला, संशोधनाचं उद्दिष्ट नव्हे.

अर्ज कुठे करायचा? सांगली-साताऱ्यातली बहुतेक महाविद्यालयं शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहेत, म्हणून विद्यापीठाची परिपत्रकं आधी पाहा. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या विषययादीत ग्रंथालयशास्त्र येतं, मात्र तिथे पात्रतेच्या अटी ओळीनं ओळ वाचाव्या लागतात. राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचं काम सार्वजनिक ग्रंथालयांसाठी आहे. महाविद्यालयानं तिकडे वेळ घालवू नये. परिपत्रकात ‘फक्त शिक्षकांसाठी’ असं दिसलं तरी लगेच माघार घेऊ नका. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये शिक्षकाच्या व्याख्येत महाविद्यालयाचा ग्रंथपालही येतो. ग्रंथालय लिपिक किंवा परिचर मात्र त्यात बसत नाहीत. त्यांनी ग्रंथपालांना मुख्य संशोधक करून सहसंशोधक किंवा साहाय्यक म्हणून नाव घालावं, आणि कोणतं काम कोण करणार ते प्रस्तावात स्पष्ट लिहावं. काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, असं होता कामा नये.

नमुना निवड हा भाग सगळ्यात जास्त वेळ देण्यासारखा आहे. समजा, निवडलेल्या महाविद्यालयांत मिळून १,२०० विद्यार्थ्यांना आयडी दिलेत. किती जणांना विचारायचं हे काढण्याच्या यामाने यांच्या सूत्रानं, ५ टक्के चूक धरून, १,२०० भागिले (१ अधिक १,२०० गुणिले ०.०५ चा वर्ग), म्हणजे १,२०० भागिले ४, म्हणजे ३०० विद्यार्थी. पण ३०० पूर्ण भरलेले फॉर्म हवे असतील तर ४०० छापा. काही परत येत नाहीत, काही अर्धेच भरलेले येतात. हे ४०० जण आयडीच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून किंवा दर तिसरा क्रमांक घेऊन निवडा. वाचनकक्षात बसलेल्यांनाच फॉर्म दिला, तर जे ग्रंथालयात येतच नाहीत ते अभ्यासातून आपोआप गळतात, आणि आपल्याला तर त्यांचंच म्हणणं हवं आहे. गुगल फॉर्मचंही तेच. ऑनलाइन सेवा न वापरणाऱ्यांना ऑनलाइन प्रश्नावली पाठवली, की उत्तरं वापरणाऱ्यांचीच येतात आणि निष्कर्ष उलटा निघतो. कागदी फॉर्म घ्या, वर्गात जाऊन भरून घ्या.

प्रश्नावली मराठीतच असावी आणि चार पानांवर जाऊ नये. जतच्या पूर्व भागात घरी कन्नड बोलणारी मुलं बरीच आहेत. तिथे प्रश्न तोंडी समजावून सांगणारं माणूस सोबत लागतं. ‘ई-रिसोर्स वापरता का?’ असं विचारलं तर युट्यूब पाहणाराही हो म्हणेल. ‘मागच्या महिन्यात एन-लिस्टवर किती वेळा लॉगिन केलं?’ असं विचारा. आधी वीस मुलांकडून फॉर्म भरून घ्या; ज्या प्रश्नापाशी पाच-सहा जण अडखळतात तो बदला. नाव आणि मोबाइल नंबर विचारू नका, संमतीची ओळ मात्र फॉर्मच्या डोक्यावर हवी.

वेळापत्रक लिहिताना ‘पहिले तीन महिने, पुढचे तीन महिने’ एवढ्यावर भागत नाही. जून-जुलै प्रवेशात जातात. ऑगस्टमध्ये कृष्णाकाठच्या गावांत फिरण्याचा बेत ठेवू नका. २०१९ चा महापूर त्याच महिन्यात आला होता. मग सत्र परीक्षा, दिवाळीची सुट्टी. वर्गात मुलं सापडतात ती सप्टेंबरात आणि पुन्हा डिसेंबरचा शेवट ते फेब्रुवारी. फॉर्म भरून घेण्याचं काम या दोन खिडक्यांतच बसवा.

आता अंदाजपत्रक. सर्वांत जास्त अर्ज इथेच अडतात, कारण संशोधनाच्या नावाखाली बारकोड प्रिंटर, स्कॅनर आणि दोन संगणक मागितलेले असतात. ती ग्रंथालयाची खरेदी झाली; तिची मागणी ग्रंथालय समितीपुढे करा. पन्नास हजारांची मांडणी साधारण अशी करता येईल: क्षेत्रसाहाय्यक २४ दिवस, रोज ६०० रुपयांप्रमाणे १४,४००, ३०० फॉर्मची डेटा एन्ट्री, फॉर्ममागे ३० रुपयांनी ९,०००, १८ फेऱ्यांचा प्रवास, फेरीला ४५० धरून ८,१००, ४०० फॉर्मची चार-चार पानं, पानाला दीड रुपयानं २,४००, सहा गटचर्चांचा चहा-नाश्ता आणि साहित्य ६,०००, अहवालाच्या पाच प्रती ३,०००, सनदी लेखापालांची फी ५,०००, किरकोळ २,१००. दर तुमच्या भागात चालतात तेच लावा. ‘प्रवास: १५,०००’ अशी गोळाबेरीज रक्कम टाकली की कात्री तिथेच लागते, दर आणि संख्या दाखवली तर कापायला कारण उरत नाही. मुख्य संशोधकाला मानधन चालतं का, ते योजनेच्या नियमात पाहिल्याशिवाय लिहू नका.

सह्यांना लागणारा वेळ नेहमी कमी धरला जातो. अर्ज प्राचार्यांच्या पत्रासह जातो. महाविद्यालय मोठ्या संस्थेचं असेल तर मुख्य कार्यालयाची मान्यताही लागू शकते, आणि महाविद्यालयाची संशोधन समिती रोज भरत नाही. शेवटच्या तारखेच्या महिनाभर आधी प्रस्ताव तयार ठेवा. ज्या महाविद्यालयांत फॉर्म भरायचे आहेत त्यांच्या प्राचार्यांची संमतिपत्रं आधीच घेऊन जोडा. काम प्रत्यक्षात होणार आहे, हे त्यातून दिसतं.

मंजुरी आल्यावर पैसे संस्थेच्या खात्यावर येतात, तुमच्या नाही. कार्यालयाच्या हिशेबनिसांकडून स्वतंत्र खतावणी उघडून घ्या. मंजुरीपत्राच्या तारखेआधीचं आणि मुदत संपल्यानंतरचं बिल धरलं जात नाही, म्हणून झेरॉक्सवाल्याकडून बिल त्याच दिवशी, महाविद्यालयाच्या नावानं घ्या. एका शीर्षातला पैसा दुसरीकडे वळवायचा तर खर्चाआधी लेखी परवानगी मागा. केंद्राच्या निधीला उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ च्या नमुना १२-अ मध्ये द्यावं लागतं. ते मिळेपर्यंत पुढचा हप्ता अडतो. एकूण रकमेत आणि बिलांच्या बेरजेत एका रुपयाचा फरक राहिला तरी कागद परत येतो, तेव्हा लेखापालांकडे फाइल देण्याआधी बिलं शीर्षांनुसार लावून बेरीज स्वतः जुळवा.