पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग बसवण्याआधी

जुन्या फियाटला किंवा प्रीमियर पद्मिनीला (फियाट ११०० चंच पुढचं नाव) पॉवर स्टिअरिंग बसवायचं ठरलं की लगेच त्याची मोटर शोधायला कुर्ल्याच्या भंगार बाजारात जाऊ नका. आधी जॅक काढा. ही गाडी नऊशे किलोच्या आसपास वजनाची आहे. एवढ्या हलक्या गाडीचं स्टिअरिंग चालत्या गाडीतही जड लागत असेल, तर दुखणं बहुधा दुसरीकडे असतं, आणि ते तसंच ठेवून वर मोटर बसवली तर झिजलेल्या भागांवर आणखी जोर पडतो.

पुढची दोन्ही चाकं उचलून गाडी स्टँडवर घ्या आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. चाकं हवेत असतानाही जड लागलं तर दोष स्टिअरिंग बॉक्समध्ये, किंगपिनमध्ये (चाक जिच्यावर वळतं ती उभी पिन) किंवा आयडलरमध्ये (दुसऱ्या बाजूने रॉड धरणारा आर्म) आहे. हवेत हलकं आणि जमिनीवर जड असेल तर टायर, हवा आणि अलाइनमेंट यांच्याकडे वळा. हवेत जड असेल तर ड्रॉप आर्मपासून, म्हणजे बॉक्सबाहेरच्या दांड्यापासून, रॉड सोडवून पुन्हा फिरवून बघा, म्हणजे बॉक्स आणि चाकांकडची बाजू वेगवेगळी तपासता येते. किंगपिनला ग्रीस मारताना चाक उचललेलंच असू द्या आणि जुनं काळं ग्रीस दुसरीकडून बाहेर येईपर्यंत गन दाबत राहा. ते बाहेर आलंच नाही तर आतली वाट दगडासारख्या ग्रीसने बंद झालेली आहे, आणि पिन खोलल्याशिवाय गत्यंतर नाही.

बॉक्सबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच झालेलं सापडतं. या बॉक्समध्ये ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं. ऑइल सील गळायला लागलं की काही ठिकाणी त्यात सरळ ग्रीस भरून देतात. गळती थांबते, पण दातांनी एकदा बाजूला सारलेलं ग्रीस परत वर्मवर (बॉक्समधल्या स्क्रूसारख्या गिअरवर) येत नाही आणि वर्म कोरडा फिरतो. दुसरा प्रकार वरच्या ॲडजस्टिंग स्क्रूचा. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे वर्म मध्यभागी जास्त झिजतो आणि टोकांना जवळपास नव्यासारखा राहतो. मधला प्ले (मोकळी हालचाल) काढायला स्क्रू आवळला की सरळ जाताना स्टिअरिंग छान लागतं, पण वळणावर बॉक्स अडकायला लागतो. हात टेकवून फिरवलंत तर ही अडक स्पष्ट जाणवते. अशा बॉक्सवर पॉवर स्टिअरिंग बसवू नये. मोटरच्या ताकदीपुढे ती अडक हाताला कळणारच नाही आणि वर्म आतल्या आत झिजत जाईल. आधी बॉक्स दुरुस्त करून घ्या. मुंबईत ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, पण ज्यांनी वर्षानुवर्षं त्या टॅक्सींचे बॉक्स उघडले असे फिटर अजून कामात आहेत. त्यांना गाठण्याची हीच वेळ आहे.

टायरचं लवकर आटपतं. मूळ साइज ५.२०-१४, म्हणजे अरुंद टायर. दिसायला बरं म्हणून रुंद रेडियल घातले असतील तर पार्किंगमधला बराचसा जडपणा त्यांचाच.

एवढं सगळं करूनही गल्लीत गाडी वळवताना खांदा भरून येत असेल, तर पॉवर स्टिअरिंग जरूर बसवा. मूळपणा जपायचा म्हणून गाडी कव्हरखाली उभी ठेवण्यापेक्षा, सत्तरीतल्या मालकाने ती रविवारी स्वतः चालवावी हे मला केव्हाही जास्त मोलाचं वाटतं. अट एकच, आणि तिच्याबाबत मी तडजोड करत नाही: केलेला प्रत्येक बदल पुढेमागे पूर्णपणे काढता आला पाहिजे.

कागदपत्रांचं काम स्पॅनर हातात घेण्याआधी उरका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचे तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. आरटीओत लेखी विचारा, उत्तर जपून ठेवा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. गाडी पन्नास वर्षांपुढची असेल, उदाहरणार्थ साठच्या दशकातली फियाट ११००, आणि २०२१ च्या नियमांखाली विंटेज नोंदणी करायची असेल, तर जास्तच जपा. त्या नोंदणीत चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला चालत नाही. म्हणून ब्रॅकेट बसवायला फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) नवं भोक पाडायचं नाही, डॅशबोर्डाची पट्टी कापायची नाही, चॅसिसला वेल्डिंग करायचं नाही. शिवाय ‘व्हीए’ मालिकेचा, म्हणजे विंटेज नोंदणीचा, नंबर घेतलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, हेही घरात आधीच बोलून घ्या.

हायड्रॉलिक पंपाचा विचार मी या गाडीसाठी सोडून देईन. १०८९ सीसीच्या, चाळीस अश्वशक्तीच्या आसपासच्या इंजिनावर आणखी एक पट्टा आणि पंप लादायचा, वर तेलाचे पाइप फिरवायचे, यात गाडी आतून फारच बदलते. डॅशखाली लपणारा, कॉलमवर (स्टिअरिंगच्या चाकापासून खाली जाणाऱ्या नळीवर) मोटर असलेला इलेक्ट्रिक सेट बरा. वॅगन-आर, अल्टो अशा गाड्यांचे सेट मिळतात. घेताना कॉलम, मोटर आणि कंट्रोलर एकाच गाडीतले घ्या, वायरिंग कनेक्टरसकट घ्या, कापलेल्या वायरी नकोत, आणि पावती मागा. पद्मिनीचा स्पीडोमीटर केबलवर चालतो, त्यामुळे कंट्रोलरला गाडीचा वेग कळत नाही. काही कंट्रोलर अशा वेळी ठराविक मदत देत राहतात, काही फॉल्ट दाखवून बंद पडतात. वेगाचा सिग्नल पुरवून मदत कमीजास्त करता येणारं छोटं किट त्यासाठीच लागतं. सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग बोटाने फिरू लागलं तर या गाडीत ते धोक्याचं आहे.

आता वीज. जागेवर वळवताना ही मोटर थोडा वेळ तीस-चाळीस ॲम्पिअर किंवा त्याहूनही जास्त ओढते. जुन्या फियाटच्या डायनॅमोला ते झेपत नाही. इंजिन आयडलवर असताना डायनॅमो जवळजवळ चार्जच करत नाही, आणि पार्किंग करताना इंजिन आयडलवरच असतं. व्होल्टेज पडलं की कंट्रोलर बंद होतो आणि अर्ध्या वळणावर स्टिअरिंग एकदम जड होतं. म्हणून आधी अल्टरनेटर, मग मोटर. मोटरची जाड वायर थेट बॅटरीवरून, बॅटरीजवळ मोठ्या फ्यूजसह. इग्निशनकडून फक्त चालू-बंदचा सिग्नल. काढलेला डायनॅमो आणि त्याचा कटआउट (चार्जिंगचा रिले) तेल पुसून, चिठ्ठी लावून ठेवा.

कॉलममध्ये पद्मिनीची खरी अडचण म्हणजे गिअर. बहुतेक गाड्यांत गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या कॉलमलाच लागून खाली जातो, आणि मोटरला नेमकी तीच जागा हवी असते. मूळ कॉलम काढण्याआधी पुठ्ठ्याचा साचा करून डॅशखाली धरा, चारही गिअर टाकून बघा, क्लच दाबताना गुडघा लागतो का तेही बघा. हॉर्न आणि इंडिकेटरच्या वायरी कुठून जातात त्याचे फोटो काढा.

मूळ कॉलम आणि स्टिअरिंगचं चाक कापायचं नाही. जोडणीचा शाफ्ट वेगळा बनवून घ्यायचा, दोन्ही टोकांचे स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा) टर्नरला नमुना देऊन जुळवून घ्यायचे. मूळचं मोठं चाकच ठेवा. मोटर बंद पडली तर त्याचाच आधार आहे. वेल्डिंग लागलंच तर नुसतं टोकाला टोक लावून नको: आत स्लीव्ह, आडवी पिन, आणि नंतर डाय पेनिट्रंटने (तड्यात शिरणाऱ्या रंगाने) तडा तपासणी. युनिव्हर्सल जॉइंट दोन असतील तर त्यांचे काटे एका रेषेत हवेत, नाहीतर फिरवताना हलकं-जड, हलकं-जड असं जाणवत राहतं. या शाफ्टवर जीव अवलंबून असतो, तेव्हा ओळखीचा आहे म्हणून कोणाकडेही देऊ नका.

पहिली फेरी मोकळ्या मैदानात, आणि मोटरचा फ्यूज काढून. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्यांनाच बसवा आणि तशीच गाडी वळवायला सांगा. त्यांना ती वळवता आली तरच फ्यूज लावून पुढचं. फ्यूज लावल्यावरही उभ्या गाडीत चाक गरगर फिरवायची सवय लागू देऊ नका. ड्रॉप आर्म आणि रॉड माणसाच्या हाताच्या जोरासाठी बनवलेले आहेत, गाडी किंचित हलती ठेवूनच वळवायची. शंभरेक किलोमीटर झाल्यावर प्रत्येक नट-बोल्ट आणि कॉटर पिन पुन्हा बघा, आणि बॉक्समधलं ऑइलही.