स्टेडियम टू बदलताना काय करायचं

आमच्या खारघरच्या ग्रुपमध्ये शनिवारी स्मॅश अल्टिमेट हा फायटिंग व्हिडिओ गेम चालतो आणि नवीन पोरं पोकेमॉन स्टेडियम टू या स्टेजवर (म्हणजे लढायच्या मैदानावर), जे मॅच चालू असतानाच रूप बदलतं, हमखास गडबडतात, त्यांच्यासाठी हे. मागच्या मोठ्या स्क्रीनवर अधूनमधून नजर टाकत जा, स्टेज बदलायच्या आधी तिकडे येणाऱ्या टाइपचं (बर्फ, इलेक्ट्रिक, फ्लाइंग किंवा ग्राउंड) चिन्ह दिसतं, म्हणजे सावरायला थोडा वेळ मिळतो.

बर्फ आला की पाय घसरतात, तेव्हा पळत जाऊन एकदम थांबायचं विसरा, कडेपासून लांब राहा आणि उडी मारूनच अटॅक करा. इलेक्ट्रिकमध्ये दोन्ही बाजूंना सरकते पट्टे असतात, तिथे उभं राहून शील्ड (बचावाची ढाल) धरलं तरी पट्टा तुम्हाला नेतोच, मधे या सरळ. फ्लाइंगमध्ये वाऱ्यामुळे उडी उंच जाते आणि खाली यायला वेळ लागतो, त्यामुळे वरच्या बाजूने केओ होऊ शकतो (म्हणजे स्क्रीनबाहेर फेकले जाऊन बाद), हे फार जणांच्या लक्षातच येत नाही. ग्राउंडमध्ये खडक मधे येतात, प्रोजेक्टाइलवाल्यांनी (लांबून मारा करणाऱ्यांनी) जरा धीर धरा.

आणि सिरियस मॅच असेल तर सरळ रूल्समध्ये जाऊन स्टेज हॅझर्ड्स (स्टेजचे अडथळे आणि बदल) ऑफ करा, मग स्टेज बदलतच नाही, दोन प्लॅटफॉर्मवालं साधं रूपच राहतं.