तुरीची फूलगळ आणि सोयाबीनचं कुटार

आमचं रान काळं, कोरडवाहू. सोयाबीनमध्ये तूर. दसऱ्याच्या आसपास सोयाबीन निघालं की मधले पट्टे उघडे पडतात आणि दिवाळीनंतर हात जाईल एवढ्या भेगा. नेमकी तेव्हाच तूर फुलावर! दरसाल फूलगळ. मी फवारण्या बदलत बसलो, दुखणं मात्र मुळाशी होतं: उघड्या रानातली ओल उडून जायची.

मागच्या हंगामात मळणीचं कुटार, म्हणजे दाणे काढल्यावर उरलेला टरफलं-काड्यांचा भुसा, जाळलं नाही. आधी डवरा (ओळींमधली माती हलवायचं, तण काढायचं अवजार) फिरवला, मग ओल असतानाच ओळींमध्ये चार बोटं जाड पसरलं. पहिल्यांदा थेट खोडाला भिडवलं, तर वाळवी लागली. मग खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवली. वाऱ्यानं उडत होतं, म्हणून वरून जीवामृत शिंपडलं: एकरी 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, प्रत्येकी 2 किलो गूळ नि बेसन, बांधावरची मूठभर माती. कुटार दबून बसलं.

गुरांचा चारा रानात टाकला म्हणून घरात कुरकुर झाली. निम्मं गोठ्याला ठेवावंच लागलं. त्यामुळे अर्ध्याच रानात आच्छादन झालं. डिसेंबरात तिथलं कुटार उचललं तर खाली माती गार, गांडुळांची विष्ठा दिसली. उघड्या अर्ध्यात भेगा तशाच.