अँप शेवटी चालू, आधी बंद : या चुका टाळा

"आवाज मोठा नव्हता हो, नुसतं चालू केलं आणि 'धप्प' झालं." माझ्या दुरुस्तीच्या टेबलासमोर बसून हे इतक्या जणांनी सांगितलंय की आता पुढचं ऐकायच्या आधीच मी विचारतो, "सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आहे ना?" असतंच.

साताऱ्याच्या मेहुण्याला मी जुना प्रीअँप (गाण्याचा सिग्नल आधी घेणारा, व्हॉल्यूमचा नॉब असलेला डबा) आणि पॉवर अँप (तो सिग्नल मोठा करून स्पीकर हलवणारा डबा) असा जोड जमवून दिला होता. चालू-बंदचा क्रम कागदावर लिहून अँपला चिकटवलाही होता. महिन्याभरात फोन आला, "दाजी, आता बोर्डाचं एक बटण दाबलं की सगळं चालू हुतंय, वाकायचं कामच न्हाई!" मी म्हटलं, स्पीकर जाईल. त्याला वाटलं, दाजी चेष्टा करतायत.

दिवाळीला गेलो तर डावा स्पीकर खरखरत होता. जाळी काढली, वूफरच्या, म्हणजे जाड आवाजाच्या मोठ्या स्पीकरच्या, कोनावर समोरासमोर दोन अंगठे ठेवून हलकेच आत दाबलं. धडधाकट कोन अजिबात आवाज न करता आत जातो. हा 'खर्र' करत गेला. रोजच्या धक्क्यांनी कोनाला जोडलेली तारेची कॉइल मागे आपटून वाकली होती आणि चुंबकाच्या फटीत घासत होती. वूफर रीकोन करावा लागला, म्हणजे कोन आणि कॉइल नवी बसवावी लागली. बटण मात्र एकच लागत होतं!

होतं काय, प्रीअँपला वीज मिळाली की त्यातले कपॅसिटर भरेपर्यंत आउटपुटवर क्षणभर हिसका येतो. समजा अर्धाच व्होल्ट. पॉवर अँप तेव्हा जागा असेल तर तो इमानेइतबारे त्याचे २५ पट करतो. म्हणजे स्पीकरवर एकदम साडेबारा व्होल्ट. "पण व्हॉल्यूम शून्यावर होता" असं सांगू नका. हिसका बहुतेकदा त्या नॉबच्या पुढच्या सर्किटमध्येच तयार होतो, नॉब त्याला काय अडवणार?

म्हणून आधी टर्नटेबल, सीडी प्लेयर किंवा डॅक (डिजिटल गाण्याचा सिग्नल करून देणारी डबी), मग प्रीअँप, आणि वीसेक सेकंद थांबून पॉवर अँप. बंद करताना पॉवर अँप आधी. त्याच्या पोटातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये साठा असतो, त्यामुळे बटण बंद केल्यावरही गाणं दोन-चार सेकंद वाजतं, मग फाटतं, मग विझतं. ते विझेपर्यंत प्रीअँपला हात लावायचा नाही. मी तेवढ्यात रेकॉर्ड पाकिटात घालतो.

"आमच्या अँपमध्ये रिले आहे" म्हणणारेही भेटतात. चालू केल्यावर तीन-चार सेकंदांनी 'टक्' होतं तोच रिले. हिसका ओसरल्यावर तो स्पीकर जोडतो. पण बंद करून लगेच चालू केलं, तर काही जुन्या अँपमध्ये वेळ मोजणारा कपॅसिटर रिकामाच झालेला नसतो आणि रिले तत्काळ चिकटतो. बंद केल्यावर अर्धा मिनिट तरी दम धरा. आणि 'टक्' आलंच नाही, तर अँप काहीतरी सांगतोय. अशा वेळी दहादा बटण दाबणारे लोक लिफ्टचं बटणही तसंच दाबतात. बंद करा, प्लग काढा, मागचे स्पीकरचे टर्मिनल बघा. वायरीची एखादी तांब्याची तार सुटून शेजारच्या टर्मिनलला टेकलेली असते. मी टोकं पिळून झाळतो, म्हणजे तार सुटायचा प्रश्नच नाही.

वीज गेली की मेणबत्ती शोधायच्या आधी अँपचं बटण बंद करा. नाहीतर वीज येते तेव्हा सगळं एकदम जागं होतं, वर व्होल्टेजही नाचत असतं. पंखा पाचेक मिनिटं एकसारखा फिरू दे, मग लावा गाणं.

वाजत्या अँपच्या मागे आरसीए पिन (सिग्नलच्या वायरीच्या लाल-पांढऱ्या पिना) काढ-घाल करणं हाही उतावळ्यांचा आवडता उद्योग. आधी अँप बंद.

फ्यूज उडाला तर चॉकलेटची चांदी गुंडाळू नका. जुन्यावर 'टी ३.१५ ए' लिहिलं असेल तर तसाच आणा. त्यातला 'टी' म्हणजे सावकाश उडणारा. पुण्यात तापकीर गल्लीत चहापेक्षा फार महाग नाही मिळत.

स्पीकरमधली घुमघुम थांबवायला थ्री-पिनची अर्थिंगची पिन कापणाऱ्याचं काम मी घेत नाही. अँपचा पत्रा उद्या २३० व्होल्टवर आला तर घुमघुम परवडली. आधी सेट-टॉप बॉक्सची वायर काढून बघा, बहुतेकदा तिथेच सापडतं.

व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अँप स्पीकर न जोडता चालवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तो भरून देणारे आता शोधावे लागतात.

वळवाच्या पावसात भिंतीवरचं बटण बंद करून भागत नाही. प्लग उपसून ठेवा, डिशची वायरही. आभाळ भरून आलं की लगेच. गडगडाट सुरू झाल्यावर तिथे हात घालायला जाऊ नका.