जुन्या बॉम्बर विमानाचा सातबारा कसा काढायचा

आपल्या सोलापुरात कुणी जुनी जागा घेतो म्हटलं की पहिला प्रश्न सातबारा बघितलास का, आणि लगेच दुसरा, फेरफार काढलेस का. सातबाऱ्यावर आजचा मालक दिसतो, पण जागा त्याच्याकडे कुणाकडून आली आणि त्या आधीच्याकडे कुणाकडून, ते फेरफारातच कळतं आणि मधला एक फेरफार जरी सापडला नाही तरी वकील पुढं जाऊ देत नाही. दुसऱ्या महायुद्धातली बॉम्बर विमानं युद्ध संपल्यावर कुणाकुणाच्या हातात गेली हे शोधायचं काम मी गेली काही वर्षं करतोय, नोकरी सांभाळून, रात्री जेवणं झाल्यावर, आणि पद्धत हीच आहे. कसं करतोस म्हणून बरेच जण विचारतात म्हणून एकदाच नीट लिहितो.

आधी माल कुठून बाजारात आला ते समजून घ्या. बी-१७ हे अमेरिकन बॉम्बरचं एकच मॉडेल १२,७३१ बनलं होतं. १९४५ ला युद्ध संपलं आणि अमेरिकेकडं हजारो बॉम्बर नुसती उभी. ती विकायचं काम आधी रिकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशनकडं होतं आणि १९४६ पासून वॉर अॅसेट्स अॅडमिनिस्ट्रेशनकडं आलं. अॅरिझोनातलं किंगमन, आर्कान्सामधलं वॉलनट रिज, ओक्लाहोमातलं अल्टस, अशा मोठमोठ्या तळांवर विमानं रांगेत लावलेली. बी-१७ ची किंमत १३,७५० डॉलर आणि बी-२५ ची ८,२५०. किंगमनची साधारण साडेपाच हजार विमानं एकाच ठेकेदारानं घेतली आणि बहुतेक सगळी वितळवून अॅल्युमिनियमच्या विटा केल्या. पॉल मॅन्ट्झ म्हणून सिनेमातले स्टंट पायलट होते, त्यांनी १९४६ मध्ये ४७५ विमानं ५५,००० डॉलरला उचलली. जी वाचली ती पुढं आग विझवायला, नकाशासाठी हवाई फोटो काढायला, औषध फवारायला, बोलिव्हियात डोंगरापलीकडनं मांस आणायला वापरली गेली. ओरेगॉनमधल्या एकानं तर १९४७ ला बी-१७ आणून पेट्रोल पंपावर छप्पर म्हणून उभं केलं आणि ते २०१४ पर्यंत तिथंच होतं. हे सांगायचं कारण, मालक म्हणजे फक्त एअरलाईन किंवा म्युझियम असं डोक्यात ठेवून शोधाल तर अर्धे मालक तुम्हाला सापडणारच नाहीत.

आता मुख्य गोष्ट. विमानाच्या नाकावर रंगवलेलं नाव, चित्र, शेपटीवरचा नंबर, यावर सुरुवातीला अजिबात विश्वास ठेवायचा नाही. उदाहरण बघा, म्हणजे कायमचं लक्षात राहील. 'नाईन ओ नाईन' नावाचं बी-१७ अमेरिकेत वर्षानुवर्षं एअर शोमध्ये उडायचं, शेपटीवर २३१९०९. लोकांना वाटायचं हेच ते जर्मनीवर गेलेलं विमान. पण खरं नाईन ओ नाईन, म्हणजे ४२-३१९०९, युद्धानंतर किंगमनला भंगारात तुटलं. उडत होतं ते ४४-८३५७५, कारखान्यातनं बाहेर आलं १९४५ मध्ये. त्याचा स्वतःचा इतिहास ऐकाल तर अंगावर काटा येतो, १९५२ ला नेवाडात अणुस्फोटांच्या चाचण्यांत ते मुद्दाम उभं केलं होतं, तीन स्फोट खाल्ले, मग किरणोत्सर्ग कमी व्हायला तेरा वर्षं तसंच पडून, मग ८०० टन भंगाराच्या ढिगात विकलं गेलं, तिथनं एका कंपनीनं काढून नीट केलं, आग विझवायला वापरलं, १९८६ ला कॉलिंग्ज फाउंडेशन या जुनी विमानं उडवणाऱ्या अमेरिकन संस्थेनं घेतलं आणि २ ऑक्टोबर २०१९ ला कनेटिकटच्या ब्रॅडली विमानतळावर कोसळलं, सात माणसं गेली. हा सगळा इतिहास एन ९३०१२ या नंबराखाली आहे. नाव धरून गेला असता तर तुम्ही दुसऱ्याच विमानाच्या मागं लागला असता, जे १९४० च्या दशकातच संपलं.

म्हणून पहिलं काम, तीन नंबर वेगळे लिहून घ्या. एक लष्करी सिरीयल, उदाहरणार्थ ४४-८३५७५, यातले ४४ म्हणजे ज्या आर्थिक वर्षात ऑर्डर दिली ते वर्ष. शेपटीवर लिहिताना पहिला आकडा गाळायचे म्हणून तेच ४८३५७५ दिसतं, नवीन माणूस इथंच गोंधळतो. दुसरा कारखान्याचा नंबर, कन्स्ट्रक्टर नंबर म्हणतात, तो विमानाच्या छोट्या पत्र्यावर ठोकलेला असतो आणि जन्मभर बदलत नाही. तिसरा नागरी नोंदणी नंबर, अमेरिकेचा एन नं सुरू होतो, ब्रिटनचा जी, फ्रान्सचा एफ, स्वीडनचा एसई, डेन्मार्कचा ओवाय, बोलिव्हियाचा सीपी, आपला व्हीटी. हा तिसरा सगळ्यात चंचल. देश बदलला की बदलतो आणि अमेरिकेत जुना एन नंबर मोकळा झाला की दुसऱ्याच विमानाला देतात, त्यामुळं आज एफएएच्या, म्हणजे अमेरिकेच्या विमान खात्याच्या, साईटवर टाकलं तर एखादं चार सीटचं सेसना निघतं आणि माणूस निराश होतो. निराश व्हायचं नाही, खाली डीरजिस्टर्ड, म्हणजे नोंदणी रद्द झालेली, म्हणून वेगळा भाग असतो तो उघडायचा.

जुन्या फोटोत एनएक्स, एनसी, एनएल, एनआर असं दिसलं तर ते दुसरं अक्षर नंबरचा भाग नाही, ते कसल्या प्रकारचं सर्टिफिकेट आहे ते सांगतं, एक्स म्हणजे एक्सपेरिमेंटल, एल म्हणजे लिमिटेड. चाळीसच्या दशकाच्या शेवटी ती पद्धत गेली. अजून एक, अमेरिकन नंबरात आय आणि ओ ही अक्षरं कधीच वापरत नाहीत, एक आणि शून्याशी घोळ होऊ नये म्हणून. स्कॅन पुसट असेल आणि ओ वाटत असेल तर ते शून्यच.

आता फेरफार. अमेरिकेतल्या प्रत्येक नोंदणीकृत विमानाची फाईल ओक्लाहोमा सिटीला एफएएच्या रजिस्ट्रीत असते आणि मामुली फी भरून कुणालाही प्रत मागवता येते, आपण इथं सोलापुरात बसून पण. फॉर्म ऑनलाईन, कार्डनं पैसे. मागताना दोन्ही भाग मागा, नोंदणीचा आणि एअरवर्दीनेसचा, म्हणजे विमान उडायला योग्य आहे का त्याचा. बरेच जण फक्त पहिला मागतात आणि खरा मसाला दुसऱ्यात असतो.

फाईल उघडली की घाई करू नका. मी तरी सगळ्यात जुन्या कागदापासनं सुरू करतो. पहिला कागद बहुतेक वेळा सरकारी विक्रीचा, टाईपरायटरवर ठोकलेला, कार्बन कॉपीची अक्षरं फुगलेली, कोपऱ्यात पंचिंगचं भोक आणि नेमकं त्या भोकात सिरीयलचा एक आकडा गेलेला. मग बिल ऑफ सेल एकामागं एक, प्रत्येकावर विकणारा, घेणारा, तारीख, नोटरीचा शिक्का. मध्ये बँकेच्या गहाणखताचे कागद येतात, ते टाकून देऊ नका, कर्ज कुणाला दिलं त्यावरनं खरा पैसा कुणाचा होता ते कळतं. एअरवर्दीनेसच्या भागात फॉर्म ३३७, मोठी दुरुस्ती किंवा बदल केला की भरावा लागतो, बॉम्ब ठेवायच्या जागी टाकी बसवली, नाकातली काच काढून पत्रा मारला, हे सगळं तारखेसकट. एखाद्या मालकानं विमान का घेतलं हे त्याच्या नावावरनं कळत नाही, त्यानं विमानात काय कापलं आणि काय बसवलं त्यावरनं कळतं.

माझी एक चूक सांगतो म्हणजे तुमची टळेल. एका बी-२५ च्या विक्रीच्या कागदावर मी ३ चा ८ वाचला आणि दोन महिने दुसऱ्याच विमानाचे मालक या विमानाच्या खाली लिहीत बसलो, तारखा पण जुळत गेल्या त्यामुळं शंकाच आली नाही. शेवटी कन्स्ट्रक्टर नंबर ताडून बघितला तेव्हा उघडं पडलं. बी-२५जे चा तो नंबर १०८ नं सुरू होतो, पुढचे आकडे सिरीयलशी ताडता येतात. तेव्हापासनं एक नियम, प्रत्येक कागदावर निदान दोन नंबर जुळल्याशिवाय तो कागद साखळीत घ्यायचा नाही.

तारखांचं पण बघा. विक्री झाली ती तारीख एक, नोंदणीत चढली ती दुसरी, मध्ये कधी कधी कित्येक महिने. दोन्ही लिहा. आणि कागदावरचा मालक आणि वापरणारा एकच असेल असं धरू नका. १९४८ मध्ये फ्लोरिडातला चार्ल्स विंटर्स नावाचा माणूस कॅरिबियनमध्ये माल वाहायला बी-१७ वापरायचा, त्याच्यामार्फत मायामीहून तीन बी-१७ निघाली आणि चेकोस्लोव्हाकियामार्गे इस्रायलला पोचली. त्याला त्यासाठी १८ महिने तुरुंग झाला आणि माफी मिळाली थेट २००८ मध्ये, तो वारल्यावर. अशा केसमध्ये नोंदणीची फाईल गप्प बसते, कोर्टाचे कागद आणि त्यावेळचे पेपर बोलतात. अमेरिकन लायब्ररी ऑफ काँग्रेसचे आणि ऑस्ट्रेलियाच्या ट्रोव्हचे जुने पेपर फुकट शोधता येतात. अपघात झाला असेल तर चौकशी अहवालात पण मालकाचं आणि विमानाच्या आयुष्याचं बरंच सापडतं.

युद्धकाळातला भाग हवा असेल तर अमेरिकन विमानांची वैयक्तिक रेकॉर्ड कार्डं अलाबामातल्या मॅक्सवेल तळावरच्या हवाई दलाच्या इतिहास संस्थेकडं मायक्रोफिल्मवर आहेत. ब्रिटिश विमानांची मूव्हमेंट कार्डं लंडनच्या आरएएफ म्युझियमकडं. ब्रिटनचे जुने नागरी नोंदणीचे कागद तर जी-इन्फो साईटवर स्कॅन करून टाकलेत. तिथं एकदा फिरताना मला जी-एजीझेडपी भेटलं, हॅलिफॅक्स बॉम्बरचं बदललेलं रूप, १९४६ ला बडोद्याच्या गायकवाड महाराजांसाठी आलिशान प्रवासी विमान म्हणून तयार केलेलं. मराठी राजघराण्याचं बॉम्बर! त्या रात्री मी झोपलोच नाही.

देश बदलत गेलेल्या विमानाची साखळी कशी दिसते त्यासाठी शू शू बेबी नावाचं बी-१७ घ्या. ४२-३२०७६. मे १९४४ मध्ये इंजिनं बिघडून स्वीडनला उतरलं, तिथंच राहिलं, प्रवासी विमान करून एसई-बीएपी झालं, मग डेन्मार्कला ओवाय-डीएफए, मग डॅनिश लष्कराकडं, मग फ्रान्सच्या नकाशा संस्थेकडं एफ-बीजीएसएच, मग फ्रान्समधल्याच क्रेईलला बेवारस, १९६८ ला एका अभ्यासकानं ते ओळखलं, फ्रान्सनं अमेरिकेला परत दिलं, दहा वर्षं दुरुस्ती आणि १९८८ ला डेटनच्या म्युझियममध्ये. प्रत्येक उडीला नंबर बदललाय, पण ४२-३२०७६ तेच.

नंबर ठोकलेल्या पत्र्याचं एक सांगायचं राहिलं. माझे वडील गिरणीत जॉबर होते. गिरण्या बंद पडल्यावर माग भंगारात गेले तेव्हा एकेका मागाची फ्रेम एकीकडची, शाफ्ट दुसरीकडचा, आणि कंपनीची पितळी पट्टी तिसऱ्याच मागावरची काढून लावलेली त्यांनी बघितलंय. विमानात पण तेच होतं. चार अवशेषांतनं एक विमान उभं राहतं आणि ज्याचा पत्रा त्याचं नाव लागतं. तुमच्या तक्त्यात स्वच्छ लिहा की धड कुठलं, पंख कुठले, नाव कुणाचं. हे लपवणं म्हणजे त्या दुसऱ्या विमानावर आणि त्यात बसलेल्या पोरांवर अन्याय आहे, मला तरी तसंच वाटतं.

आता आपल्याकडचं, जे मला सगळ्यात जवळचं आहे. ब्रिटिशांकडं उसनवारी कराराखाली आलेली लिबरेटर, बी-२४, युद्धानंतर कानपूरला टाकून दिली होती, करारामुळं परत द्यायची नाहीतर मोडायची म्हणून इंजिनात वाळू ओतून, बुलडोझर घालून खराब केलेली. १९४८ मध्ये हिंदुस्तान एअरक्राफ्टनं त्यातली निवडून जुजबी नीट केली आणि त्यांचे पायलट जमशेद मुन्शी यांनी एकेक करून चाळीसच्या आसपास विमानं बंगलोरला उडवत नेली. त्यातनं हवाई दलाची पाच नंबरची स्क्वाड्रन उभी राहिली आणि ही विमानं १९६८ च्या शेवटापर्यंत चालली. आज जगात जी लिबरेटर शिल्लक आहेत त्यातली बरीचशी या भारतीय ताफ्यातली. त्यांना तीन सिरीयल असतात, अमेरिकन, ब्रिटिश आणि एचई नं सुरू होणारा आपला. म्हणजे ४४-४४०५२, मग केएच१९१, मग एचई७७१, मग १९८१ ला इंग्लंडच्या डग आर्नोल्डकडं, १९८४ ला कॉलिंग्ज फाउंडेशनकडं आणि एन २२४जे. परदेशी याद्यांत मधला भारतीय टप्पा एका ओळीत उरकतात. वीस वर्षं एका ओळीत! ती ओळ भरायचं काम आपलं आहे, इंग्लंड-अमेरिकेतला माणूस इथं येऊन करणार नाही. आपल्या सैन्यदलांच्या इतिहासाची भारत रक्षक साईट बघा, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल पोर्टल बघा, आणि पालमच्या हवाई दल म्युझियममध्ये गेलात तर विमानाभोवती फिरून दिसेल तेवढा प्रत्येक नंबर लिहून आणा.

शेवटी तक्ता कसा करायचा ते. एका ओळीत एकच मालक, पुढं पासून-पर्यंत, पुढं कुठल्या कागदावरनं कळलं ते, आणि कागद नसेल तर ओळ रिकामी सोडायची, लाल करून. अंदाज लिहायचा नाही, कारण तुमचा अंदाज दुसरा कुणीतरी उचलतो आणि तिसऱ्याकडं तो पुरावा होऊन जातो.

माझ्या काकांचा एक फोटो आहे, ते लोहगावला सहा नंबर स्क्वाड्रनला फिटर होते, मागं लिबरेटर उभं आहे आणि शेपटीवर एचई ७ दिसतंय, पुढचे दोन आकडे शिडीमागं गेलेत. माझ्या तक्त्यात ती ओळ अजून लाल आहे. तुमच्या घरात, सोलापुरात, पंढरपूर-बार्शीकडं, कुणी पन्नास-साठच्या दशकात हवाई दलात असेल तर ट्रंका उघडून फोटो बघा, आणि फोटोची मागची बाजू आधी बघा, त्या काळची माणसं पेन्सिलीनं तिथं नंबर आणि तारीख लिहून ठेवायची.