भाच्याच्या केसमधला ‘मॅजिस्ट्रेट’: संमतीची सही करण्याआधी

अमळनेरच्या कोर्टात मी अठ्ठावीस वर्षं कारकुनी केली. मागच्या महिन्यात बहिणीचा फोन आला, आवाज कापरा. “भाऊ, पोऱ्याना केसमा मॅजिस्ट्रेट कसाले उना?” भाचा न्यू जर्सीत असतो. जुन्या मालकाने ओव्हरटाइमचे पैसे बुडवले म्हणून त्याने तिथल्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टात दावा लावलाय. आपल्याकडे मॅजिस्ट्रेट म्हणजे फौजदारी, जामीन, पोलीस. ती घाबरणारच.

म्हणून ज्यांची पोरं तिकडे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

तिथला मॅजिस्ट्रेट जज्ज दिवाणी कामही बघतो. डिस्ट्रिक्ट जज्जला राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मान्यता देते आणि नेमणूक तहहयात असते. मॅजिस्ट्रेट जज्जला त्याच कोर्टाचे डिस्ट्रिक्ट जज्ज नेमतात. पूर्णवेळ असेल तर ८ वर्षांसाठी. १९७९ पासून कायदा असा आहे की सगळे पक्षकार राजी असतील तर तो अख्खा दावा चालवून निकाल देऊ शकतो. ज्युरीचा, म्हणजे सामान्य नागरिकांच्या पंचांपुढे दावा चालवण्याचा, हक्क त्याने जात नाही. अपीलही वरच्या सर्किट कोर्टातच जातं, मधे पायरी वाढत नाही.

मग फायदा काय? तारीख. डिस्ट्रिक्ट जज्जपुढे गंभीर फौजदारी खटले असतात, ते आधी घ्यावे लागतात आणि दिवाणी तारीख मागे सरकते. मॅजिस्ट्रेट जज्ज असे खटले चालवत नाही, त्यामुळे त्याने दिलेली तारीख बहुधा टिकते. तारखांपायी माणसं कशी झिजतात ते मी टेबलामागे बसून पाहिलंय. माझ्या लेखी हे कारण मोठं आहे.

पण आधी त्या जज्जची माहिती काढा. तुमच्यासारखे दावे त्याने चालवलेत का, हे वकिलाला विचारा. संमती दिली नाही म्हणून कोर्ट राग धरू शकत नाही, नियमातच तसं लिहिलंय. नकार दिला तरी कागदपत्रांची मागणी, तडजोडीची बोलणी ही कामं त्याच्याकडे जाऊ शकतात.

भाच्याने संमतीचा फॉर्म व्हॉट्सॲपवर पाठवला, त्याचा नंबर एओ ८५. मी चष्मा लावून तो मोठा करून वाचला. वर पक्षकारांची नावं, सह्या, तारखा. त्याखाली डिस्ट्रिक्ट जज्जचा आदेश, तो कोरा सोडायचा. अगदी तळाशी बारीक अक्षरात सूचना: संमती असेल तरच क्लर्ककडे परत करा, जज्जकडे देऊ नका. कोण राजी, कोण नाही, हे सगळे राजी होईपर्यंत जज्जला कळू द्यायचं नाही, त्यासाठी ही काळजी. काही कोर्टांत केस सुरुवातीलाच मॅजिस्ट्रेट जज्जकडे देतात आणि नकार कळवायला मुदत असते. तिथे नोटीस आली त्याच दिवशी तारीख लिहून ठेवा.

गप्पही राहू नका. संमतीचा हक्क माहीत असून त्याच्यापुढे मुकाट काम चालवलं, तर वागण्यातून संमती धरता येते, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये म्हटलंय. आणि एकदा दिलेली संमती मनाला येईल तेव्हा मागे घेता येत नाही. त्यासाठी असाधारण कारण दाखवावं लागतं.

भाच्याने वकिलीणबाईंशी दोनदा बोलून सही केली. समोरच्याची सही अजून आलेली नाही. तोवर केस डिस्ट्रिक्ट जज्जकडेच आहे.